दिवस शंभर टक्के भरला की कामं का तुंबतात?

तालुक्याच्या गावातला संध्याकाळचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर एकच. एका पेशंटला सरासरी ६ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १० पेशंट तपासून होतात. पेशंट मात्र ठरवून येत नाहीत. कधी एकदम तिघं आत शिरतात, कधी बराच वेळ कुणी फिरकत नाही. कुणाला नुसती सर्दी असते, दोन मिनिटांत काम होतं. कुणाची साखर वाढलेली असते, हातात रिपोर्टांची जाडजूड फाईल असते, तिथे पंधरा मिनिटं कुठे जातात कळत नाही.

समजा, तासाला सरासरी ५ पेशंट येतात. गणित सांगतं, की प्रत्येकाला बाकावर सरासरी ६ मिनिटं बसावं लागेल. तासाला ८ येऊ लागले तर २४ मिनिटं. ९ येऊ लागले तर ५४ मिनिटं. सरासरी साडेनऊवर गेली तर १ तास ५४ मिनिटं. आणि बरोबर १० येऊ लागले, म्हणजे डॉक्टरांना जेवढे जमतात अगदी तेवढेच, तर रांग कधी स्थिरावतच नाही, लांबतच जाते.

आठाचे नऊ झाले म्हणजे तासाला एकच पेशंट वाढला. पण बाकावरचा वेळ दुपटीच्या पुढे गेला. डॉक्टरांचा हात मंदावलेला नाही, पेशंट जास्त आजारी पडलेले नाहीत. फक्त डॉक्टरांच्या तासातली १२ मोकळी मिनिटं ६ वर आली.

वेळेच्या नियोजनाबद्दल जे काही बोललं जातं, त्यात हा हिशेब मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो. आपण समजतो, की दिवसातली मोकळी मिनिटं म्हणजे वाया गेलेली मिनिटं. ती भरून काढली की जास्त कामं होतील. प्रत्यक्षात त्या मोकळ्या मिनिटांमुळेच बाकीची कामं वेळेत होत असतात. आपली मर्यादा मान्य करणं हा म्हणूनच मनाची समजूत घालण्याचा प्रकार नाही. कामं उरकायची असतील तर करावाच लागणारा तो हिशेब आहे.

या हिशेबाचा उगम टेलिफोनमध्ये आहे. आगनर एरलांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होता. एक्स्चेंजमध्ये किती लाईन आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. फोन कधी येईल सांगता येत नाही, तो किती वेळ चालेल तेही सांगता येत नाही. १९०९ साली त्याने यावर पहिला निबंध लिहिला आणि त्यातून रांगांचं एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. आज हॉस्पिटलच्या खाटांपासून इंटरनेटच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे ते वापरलं जातं.

असं होतं कशामुळे? डॉक्टरांची सव्वासहा ते साडेसहा ही पंधरा मिनिटं रिकामी गेली, तर ती साठवून सातच्या गर्दीत वापरता येत नाहीत. गेलेला मोकळा वेळ परत येत नाही, पण साचलेली रांग मात्र पुढच्या तासाला तशीच चिकटून राहते. उशीर साठतो, सवड साठत नाही. मधे पुरेशी मोकळी मिनिटं असतील तर साचलेलं निस्तरलं जातं. ती नसतील तर साडेपाचला झालेला दहा मिनिटांचा उशीर रात्री नऊच्या पेशंटपर्यंत पोचतो.

१९६१ साली इंग्लंडमध्ये जॉन किंगमन या गणितज्ञाने रांगेतला सरासरी वेळ अंदाजाने काढायचं एक सूत्र मांडलं. त्यात तीन गोष्टींचा गुणाकार आहे. एक, क्षमतेच्या किती टक्के काम अंगावर आहे. दोन, कामं येण्यात आणि त्यांना लागणाऱ्या वेळात किती चढउतार आहे. तीन, एका कामाला सरासरी किती वेळ लागतो. आपल्या दिवसाकडे या तीन खिडक्यांतून बघितलं की बरंच काही लख्ख दिसतं. आपल्याला दिले जाणारे सल्ले बहुतेक तिसऱ्या खिडकीतले असतात: झपाट्याने कामं करा, शॉर्टकट शिका, ॲप वापरा. पण तिथला वेग थोडा वाढवून मिळणारा फायदा पहिल्या खिडकीत कामं वाढवली की क्षणात बुडतो. दवाखान्यात बघितलंच, नव्वद टक्क्यांच्या पुढे प्रत्येक पाऊल महाग पडतं.

दुसरी खिडकी जरा वेगळी. अपॉइंटमेंट घेऊन पेशंट येऊ लागले तर पेशंट तेवढेच, डॉक्टरही तेच, तरी रांग आटते. घरी-ऑफिसात हेच करता येतं. व्हॉट्सॲपला उत्तरं द्यायची वेळ ठरवून घेतली, बिलं-कागदपत्रांची कामं आठवड्याच्या एका सकाळी बसवली, की कामं कमी न होताही गडबड कमी होते. तरीही सगळी अनिश्चितता जात नाही. मुलाला ताप येतो, गाडी लेट होते, साहेबांचा फोन येतो. ज्याच्या आयुष्यात या गोष्टी जास्त, त्याने मोकळी जागाही जास्त ठेवायला हवी. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असताना दिवस ९० टक्के भरणं म्हणजे रोज रात्री अपराधी वाटून घ्यायची सोय करून ठेवणं आहे.

आपली क्षमता नेमकी किती?

दवाखान्याच्या उदाहरणात मी एक गोष्ट सोपी करून घेतली होती: डॉक्टर दमत नाहीत असं धरलं होतं. माणूस दमतो. दमला की सहा मिनिटांचं काम आठ मिनिटं घेतं, म्हणजे काम न वाढताही भार वाढतो. तास वाढवले तर क्षमता त्याच प्रमाणात वाढते का, याचा एक जुना आणि भक्कम पुरावा आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत कामगार, विशेषतः बायका, आठवड्याला साठ-सत्तर तास राबत होत्या. आघाडीवर दारूगोळा कमी पडत होता, त्यामुळे सुट्टी मागायची सोय नव्हती. १९१५ साली सरकारने या कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती नेमली. समितीच्या माणसांनी कुणी किती तास काम केलं आणि किती नग तयार झाले याच्या नोंदी ठेवल्या. या नोंदी स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये नव्याने तपासल्या. आठवड्याला ४९ तासांपर्यंत जितके तास जास्त तितका माल जास्त. त्यापुढे प्रत्येक वाढीव तासाचं उत्पादन घसरत गेलं. आणि ७० तास राबून जेवढा माल निघाला तो ५६ तासांत निघणाऱ्या मालापेक्षा जेमतेमच जास्त होता. आठवड्याचे चौदा तास त्या बायकांनी यंत्रापुढे उभं राहून काढले आणि हाती जवळजवळ काही लागलं नाही. रविवारची सुट्टी नसली की त्याचा फटका उत्पादनालाच बसतो, हेही त्या नोंदींतून दिसलं.

ही हातांची कामं. बुद्धीच्या कामाचं काय? मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगले वादक एकट्याने करायचा कसून सराव दिवसाला साधारण साडेतीन तास करत. तोही सलग नाही, मधे विश्रांती घेऊन. आणि दुपारी ते इतरांपेक्षा जास्त झोपत. या अभ्यासातून पुढे ‘दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो’ एवढंच लोकांच्या तोंडी बसलं, साडेतीन तास आणि दुपारची झोप मागे राहिली याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं ‘रोज चौदा तास बसतो’ असं सांगतात. लातूर-नांदेडहून, विदर्भातल्या खेड्यांतून आलेली, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली ही मुलं. तेव्हा त्यांच्या बसण्यामागची तळमळ मी समजू शकतो. व्हायोलिनचा आकडा जसाच्या तसा पॉलिटीच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, अभ्यासाला लावता येणार नाही हेही खरं. पण चौदा तासांतले सगळे तास सारखे नसतात, हे त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. अवघड प्रकरण समजून घेणं, न बघता उत्तर लिहून काढणं हे डोकं ताजं असतानाचे तीन-चार तास. उरलेल्या वेळात उजळणी, वर्तमानपत्र, नकाशे, आणि मग सरळ चालायला जाणं. पुस्तकापुढे बसलोय पण ओळ डोक्यात शिरत नाही, तरी खुर्ची सोडायची नाही, अशा तासांनी कुणाचाही निकाल सुधारलेला नाही.

झोप कापून तास काढणाऱ्यांसाठी एकच प्रयोग सांगतो. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन आठवडे रात्रीची मर्यादित झोप दिली. काहींना आठ तास, काहींना सहा, काहींना चार. सहा तास आणि त्याहून कमी झोपणाऱ्यांचं लक्ष आणि आठवण दिवसेंदिवस ढासळत गेली आणि एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाइतकी खाली आली. यातलं भीतीदायक पुढेच आहे: स्वतःला झोप किती येतेय असं विचारल्यावर ती माणसं ‘थोडीशीच’ म्हणत राहिली. आपली घसरण त्यांना स्वतःला जाणवतच नव्हती. ‘मला सहा तास पुरतात’ हे वाक्य म्हणून पुरावा ठरत नाही.

हातात किती कामं धरायची

क्षमता ठरलेली असेल तर आपल्या हातात उरतं काय? एकच: एका वेळी किती कामं अंगावर घ्यायची.

अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी, तेही १९६१ सालीच, एक नियम सिद्ध केला. तो तोंडी हिशेबात मावतो. हातातल्या कामांची संख्या भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, बरोबर एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. तुमच्याकडे ४० कामं पडलेली आहेत आणि आठवड्याला ५ हातावेगळी होतात, तर आज घेतलेलं काम सरासरी आठ आठवड्यांनी संपणार. वेग पाचाचा सहा करायला जीव काढावा लागतो. पण चाळिसातली वीस कामं करायचीच नाहीत असं ठरवलं, तर उरलेली प्रत्येक गोष्ट निम्म्या वेळात पूर्ण होते. नाही म्हणण्याची ताकद या भागाकारात आहे.

आता समजा, तीन कामं आहेत, प्रत्येक दहा दिवसांचं. तिन्ही माणसं मागे लागली आहेत, म्हणून तुम्ही आज याचं, उद्या त्याचं, परवा तिसऱ्याचं असं आळीपाळीने करता. पहिलं काम २८व्या दिवशी संपतं, दुसरं २९व्या, तिसरं ३०व्या. तेच एकामागून एक केलं तर १०व्या, २०व्या आणि ३०व्या दिवशी. शेवटच्या माणसाचं काहीच बिघडलं नाही. पहिल्याला अठरा दिवस आधी आणि दुसऱ्याला नऊ दिवस आधी काम मिळालं. कष्ट तेवढेच. सगळ्यांना खूश ठेवायला सगळ्यांची कामं थोडी थोडी करणारा माणूस खरं तर सगळ्यांना तिष्ठत ठेवत असतो. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणतात ते हेच, आकड्यांत.

आणि या हिशेबात एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याचा खर्च शून्य धरला आहे. तो शून्य नसतो. रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५च्या प्रयोगांत अगदी साधी कामं होती, अदलाबदल कधी होणार हेही आधी माहीत होतं, तयारीला वेळही दिला होता. तरी काम बदललं की उत्तराला उशीर होतच राहिला. तो उशीर सेकंदाच्या अंशांत होता. अर्धवट राहिलेला जमाखर्च किंवा निम्मा लिहिलेला अर्ज पुन्हा उघडल्यावर ‘कुठवर आलो होतो’ हे आठवण्यात जाणारी मिनिटं वेगळीच.

हे सगळं कळूनही आपण जास्तच कामं घेतो, त्याला कारण आहे. पुढच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना आपण ते काम डोळ्यांसमोर आणतो, आणि तिथे ते सुरळीतच चाललेलं दिसतं. मागच्या वेळी काय झालं होतं हे त्या चित्रात येत नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीकडे लक्ष वेधलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं गेलं. त्यांचा सरासरी अंदाज होता ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. बिनसण्याचा अंदाजसुद्धा आशावादी निघाला.

यावर उपाय साधाच आहे. अंदाज बांधू नका, मागचा आकडा वापरा. गेल्या वर्षी रिटर्न भरायला, कागदपत्रं शोधण्यासकट, किती वेळ गेला? मागची सत्यनारायणाची पूजा, सामान आणण्यापासून भांडी आवरेपर्यंत, किती तासांची झाली? एका वहीत महिनाभर, काम सुरू करताना ठरवलेला वेळ आणि संपल्यावरचा खरा वेळ, एवढे दोन आकडे लिहिले तरी स्वतःचं प्रमाण सापडतं. कुणाचं दीडपट निघतं, कुणाचं दुप्पट. निघेल त्या पटीने पुढचा प्रत्येक वायदा करायचा. तसाच आपल्या चांगल्या तासांचा शोधही त्याच वहीतून लागतो.

ऑफिसात वरिष्ठांना थेट नाही म्हणता येत नाही, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. तिथे नकाराऐवजी हिशेब पुढे ठेवावा. ‘मॅडम, हे मी घेते. सोमवारचा रिपोर्ट मग गुरुवारी जाईल. चालेल, की आधी रिपोर्ट संपवू?’ काम कुठलं मागे पडणार हे तुम्ही बोलला नाहीत तरी काहीतरी मागे पडणारच असतं. बोललात तर निदान काय मागे पडावं ते ठरवून ठरतं.

घरातलं गणित मात्र असं एकट्याने सुटत नाही. भारत सरकारने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. सकाळी सहाला डबे करून आठच्या लोकलला लटकणाऱ्या बाईला ‘तू तुझ्या मर्यादा ओळख’ असं सांगणं अन्याय आहे. तिने त्या केव्हाच ओळखलेल्या असतात. तिचा दिवस दुसऱ्यांनी भरलेला असतो, आणि तो रिकामाही दुसऱ्यांनीच करून द्यावा लागतो.

म्हणून वहीचं एक पान घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहावं. आठवड्यात घरात होणारं प्रत्येक काम, ते कोण करतं आणि किती मिनिटं. त्यात फक्त दिसणारी कामं नकोत. सिलिंडर कधी संपेल याचा अंदाज ठेवणं, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायला सांगणं, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या काय न्यायचं ते बघणं, दूधवाल्याचा हिशेब, पाहुणे येणार असतील तर काय करायचं ते ठरवणं, हेही लिहायचं. मग ज्याच्या नावापुढची बेरीज सगळ्यात मोठी, त्याच्या यादीतली दोन-तीन कामं दुसऱ्याने पूर्णपणे उचलायची. पूर्णपणे म्हणजे लक्षात ठेवण्यासकट. गोळ्या आणणारा रोज ‘आणायच्यात का?’ असं विचारत असेल, तर ते काम अजून पहिल्याच माणसाकडे आहे. पाकिटात किती उरल्यात ते त्यानेच बघायचं, आणि संपायच्या आधी दुकानात त्यानेच जायचं.